मॅकबेथ दांपत्य, काचेच्या छपराखाली

१८५८ साली लंडनमध्ये मार्टिन लारोश या फोटोग्राफरने एका नवरा-बायकोचा फोटो काढला. नवरा मॅकबेथच्या वेषात, बायको लेडी मॅकबेथच्या. राजाचा खून करून सिंहासन बळकावणारे हे शेक्सपिअरचे जोडपे. प्रत्यक्षात कॅमेऱ्यासमोर उभे होते चार्ल्स आणि एलन कीन. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचे प्रिन्सेसेस थिएटर हे दोघे चालवत. लग्नाला सोळा वर्षे झाली होती. तो सत्तेचाळीस वर्षांचा, ती बावन्न.

फोटोग्राफी तेव्हा वीस वर्षांचीही नव्हती. नटनट्यांची तैलचित्रे आणि खोदचित्रे दीडशे वर्षे निघत होती, पण भूमिकेच्या पोशाखातले फोटो ही नवलाई होती. लारोशने या थिएटरच्या नाटकांचे जे फोटो काढले, ते त्या प्रकारातल्या अगदी सुरुवातीच्या फोटोंपैकी आहेत. आज ते पाहणाऱ्याची समजूत अशी होते, की नाटकातला एखादा क्षण कॅमेऱ्याने टिपलाय. तसे मुळीच नाही. त्या काळी रंगमंचावर फोटो निघूच शकत नव्हता.

कारण साधे आहे. रंगमंच उजळत होता गॅसच्या दिव्यांवर, आणि गॅसचा पिवळट उजेड तेव्हाच्या फोटोच्या काचेला जवळजवळ दिसतच नसे. ही काच तयार करायची रीतही धावपळीची होती. स्वच्छ काचेवर कोलोडियनचा चिकट थर ओतायचा, अंधारात ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि थर वाळायच्या आत पुन्हा अंधारखोलीत नेऊन धुवायची. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. म्हणून स्टुडिओ इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर असत आणि त्यांचे छप्पर काचेचे असे. सूर्य हाच दिवा. लंडनच्या धुरकट हवेत तोही बेभरवशाचा.

तेव्हा मॅकबेथ पती-पत्नींना आपले कपडे घेऊन दिवसाउजेडी स्टुडिओचे जिने चढावे लागले. अपरात्री, वादळात, मशालीच्या उजेडात घडणारे हे नाटक, आणि त्याचा फोटो स्वच्छ उन्हात. काचेसमोर काही सेकंद निश्चल राहायचे. पापणी लवली तर चालते, मान हलली तर चेहरा पुसट. एकट्या माणसाला हे जमवणे त्यातल्या त्यात सोपे. स्टुडिओत मानेला मागून आधार देणारा लोखंडी दांडा असायचा. दोघे असले की अडचण दुप्पट होते: एक स्थिर राहिला आणि दुसरा हलला की काच वाया. त्यामुळे त्या काळच्या जोडप्यांच्या फोटोंत कोणी कोणाच्या खांद्यावर हात ठेवलेला दिसतो, कोणी खुर्चीची पाठ धरलेली असते. त्यात प्रेम किती आणि टेकू किती, ते सांगणे कठीण. रंगमंचावर हजारदा एकमेकांसमोर उभे राहिलेल्या या दोघांना मात्र एक फायदा होता. भावमुद्रा धरून थांबणे हा त्यांच्या कलेचाच भाग होता. एकोणिसाव्या शतकातले नट महत्त्वाच्या वाक्यापाशी मुद्रा घेऊन क्षणभर थबकत आणि प्रेक्षक टाळ्या देत. कॅमेऱ्याला हवी होती ती नेमकी हीच सवय.

रंगांचेही असेच. कोलोडियनच्या काचेला निळा रंग फार लवकर दिसे, लाल आणि पिवळा जवळजवळ दिसत नसत. निळे कापड फोटोत पांढुरके, लाल कापड काळे. पोशाखांच्या रंगांवर चार्ल्सने एवढा खर्च केला होता, पण फोटोत त्यांची जी वाट लागली ती प्रतींवर हाताने रंग चढवून सावरावी लागे. लारोशच्या काही प्रतींवर असे रंग आहेत.

आता या लारोशबद्दल. नाव फ्रेंच, माणूस इंग्रज. खरे नाव विल्यम हेन्री सिल्व्हेस्टर. फोटोग्राफी म्हटले की पॅरिस, या समजुतीचा फायदा घ्यायला त्याने हे नाव घेतले असावे. कीन दांपत्याचा फोटो काढण्याआधी चार वर्षे त्याचे नाव एका खटल्यामुळे सगळ्या व्यवसायात गाजले. विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट या शास्त्रज्ञाने कागदी निगेटिव्हची पद्धत शोधून १८४१ मध्ये तिचे पेटंट घेतले होते. पुढे १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने काचेवरची कोलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली, आणि तिचे पेटंट घेतलेच नाही. कोणीही वापरा म्हणाला. टॅल्बटचे म्हणणे पडले, की काचेची पद्धतही आपल्याच पेटंटखाली येते. १८५२ मध्ये त्याने हौशी लोकांना सूट दिली, पण पैसे घेऊन चेहऱ्यांचे फोटो काढणाऱ्यांनी परवाना घेतलाच पाहिजे, असा हट्ट धरला. लारोशने नकार दिला. डिसेंबर १८५४ मध्ये लंडनच्या गिल्डहॉलमध्ये खटला चालला. इतर फोटोग्राफरांनी वर्गणी काढून लारोशची बाजू लढवायला मदत केली. ज्यूरीने निकाल मोठा धोरणी दिला: टॅल्बट हा त्याच्या पद्धतीचा खरा शोधक, पण लारोशने त्याचे पेटंट मोडलेले नाही. त्या दिवसापासून इंग्लंडमधला कोणताही फोटोग्राफर काचेवर मोकळेपणी काम करू शकला. रस्तोरस्ती स्टुडिओ निघाले. ज्याच्या उदारपणावर हे सगळे उभे राहिले तो आर्चर १८५७ मध्ये गरिबीत वारला.

खटला जिंकलेला लारोश ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच होता आणि कीन यांचे थिएटरही त्याच रस्त्यावर. शेजार कामी आला. १८५६ पासून त्या थिएटरमधली पात्रे त्याच्या कॅमेऱ्यासमोर येऊ लागली.

चार्ल्स कीनला फोटोची एवढी ओढ का, हे समजायला त्याच्या बापाकडे जावे लागते. एडमंड कीन हा इंग्रजी रंगभूमीवरचा वादळी नट. तिसरा रिचर्ड, शायलॉक, ऑथेल्लो या भूमिकांत त्याने लंडन वेडे केले, आणि दारू, कर्ज, लफडी यांत स्वतःला संपवले. १८२५ मध्ये कॉक्स नावाच्या एका नगरपित्याने, आपल्या बायकोशी संबंध ठेवले म्हणून, त्याला कोर्टात खेचले. आठशे पौंडांची भरपाई द्यावी लागली. वर्तमानपत्रांनी महिनोन् महिने तोंडसुख घेतले आणि प्रेक्षकांनी त्याला रंगमंचावर बोलू दिले नाही. चार्ल्स तेव्हा ईटनच्या शाळेत शिकत होता, लॉर्डांच्या मुलांबरोबर. दोन वर्षांनी, आईला पोसायचे म्हणून, तो शाळा सोडून नाटकात आला. बाप-लेकांचे पुढे जमले. मार्च १८३३ मध्ये ऑथेल्लोचा प्रयोग झाला, त्यात बाप ऑथेल्लो आणि मुलगा इयागो. एडमंड मध्येच कोसळला तो मुलाच्या अंगावर. दोन महिन्यांत तो गेला.

आडनावाला लागलेला हा डाग पुसायचा, तर मुलाला दोन गोष्टी हव्या होत्या: स्वच्छ संसार आणि विद्वत्ता. दोन्ही त्याने मिळवल्या. पहिली एलन ट्रीच्या रूपाने आली.

एलन त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी, आणि लग्न झाले तेव्हा नटी म्हणून त्याच्याहून खूप वरचढ. नाटककार टॅल्फर्डच्या ‘आयन’ नाटकात तिने तरुण पुरुषाची भूमिका केली होती, अमेरिकेचा दौरा करून पैसा आणि नाव दोन्ही मिळवून आली होती. २९ जानेवारी १८४२ रोजी डब्लिनमध्ये दोघांनी लग्न केले आणि त्याच संध्याकाळी रंगमंचावर उभे राहिले. नाटकाचे नाव होते ‘द हनीमून’. हा योगायोग होता की जाहिरातीची जाण, कोण जाणे. नंतरच्या पंचवीस वर्षांत या जोडप्याने आपल्या लग्नाचा जसा उपयोग केला, तो पाहता दुसरी शक्यता नाकारता येत नाही.

हे हलक्या अर्थाने म्हटलेले नाही. नाटकवाल्या बाईकडे इंग्लंडचा मध्यमवर्ग तेव्हा संशयाने पाहत असे. अशा वेळी नायक-नायिका खरोखरचे पती-पत्नी आहेत, एका घरात राहतात, एकाच मुलीचे आईबाप आहेत, ही गोष्ट तिकीटबारीवर मोलाची होती. बायकामुलांना घेऊन नाटकाला जाता येते, असे वाटणारा नवा प्रेक्षक त्यामुळे आला. सर्वांत वरचा प्रेक्षकही आला. १८४८ मध्ये राणी व्हिक्टोरियाने विंडसर राजवाड्यात नाटके सुरू केली आणि त्यांची व्यवस्था चार्ल्सकडे सोपवली. एडमंड कीनच्या मुलाला राजवाड्याची दारे उघडली, यात नटाच्या गुणांइतकाच संसाराचा वाटा होता, असे मानायला जागा आहे. फोटो हा याच भांडवलाचा छापील पुरावा. चार्ल्स एकटा मॅकबेथ म्हणून उभा राहिला असता, तर तो एका नटाचा फोटो झाला असता. दोघे मिळून उभे राहिल्याने ते एका घराण्याचे चित्र झाले.

त्यातही या दोन भूमिकांचा एक वेगळा अर्थ लागतो. पन्नाशीच्या आसपासच्या या जोडीला प्रेमिकांच्या भूमिका आता शोभत नव्हत्या. त्यांच्या मोठ्या नाटकांत दोघे बहुधा एकमेकांच्या विरोधात उभे असत. तो शायलॉक, तर ती त्याला कोर्टात हरवणारी पोर्शिया. तो कार्डिनल वुल्झी, तर ती त्याच्यामुळे पदच्युत झालेली राणी कॅथरीन. तो संशयी राजा लिऑन्टिस, तर ती त्याने तुरुंगात टाकलेली हर्मायनी. मॅकबेथमध्ये मात्र पती-पत्नी एका कामात भागीदार आहेत. काम वाईट आहे ही गोष्ट निराळी. पण मनसुबा रचणे, कच खाणाऱ्याला धीर देणे आणि राहिलेले काम स्वतः जाऊन उरकणे हे सगळे तिथे दोघे मिळून करतात. नाटक कंपनी चालवणाऱ्या जोडप्याला ही वाटणी चांगलीच ओळखीची असणार.

ती वाटणी कशी होती, हे आपल्याला एका मुलीमुळे कळते. १८५६ मध्ये ‘द विंटर्स टेल’ नाटकात छोट्या राजपुत्राचे काम करायला नऊ वर्षांची एक पोरगी आली. तिचेही नाव एलन. ही एलन टेरी पुढे इंग्लंडची सर्वांत लाडकी नटी झाली, आणि १९०८ मध्ये तिने आत्मचरित्र लिहिले. त्यात तालमींचे वर्णन आहे. चार्ल्स प्रेक्षागृहात बसायचा, शेजारी जेवणाची वर्दी देणारी मोठी घंटा घेऊन. काही चुकले की जोरात घंटा. सगळे जागच्या जागी थांबायचे. मग रंगमंचावर बसलेली एलन कीन उठायची आणि चूक दुरुस्त करायची. घंटा वाजली की तालीम पुढे. म्हणजे चूक दाखवणारा एक आणि सुधारणारी दुसरी. टेरीच्या मते त्या थिएटरात बाईंचा अधिकार निदान बरोबरीचा होता. पोरांना उच्चार शिकवणे, स्वर मोकळे करून घेणे हेही तिच्याच हाती होते. त्याच वर्षी ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये पक या खट्याळ पात्राची भूमिका करणाऱ्या टेरीचा पाय तळघराच्या झडपेत सापडला आणि बोट मोडले. वेदनेने ओरडणाऱ्या मुलीपाशी एलन कीन धावली आणि म्हणाली, नाटक पुरे कर, पगार दुप्पट करते. मुलीने पुरे केले. आठवड्याचे पंधरा शिलिंग तीस झाले. कनवाळूपणा आणि हिशेब इतके सरळ एकत्र आलेले क्वचितच दिसतात.

चार्ल्सच्या विद्वत्तेचा भाग याहून अवाढव्य. शेक्सपिअरचे प्रत्येक नाटक ज्या काळात आणि देशात घडते, तिथले कपडे, भांडी, इमारती, शस्त्रे जशीच्या तशी दाखवायची असा त्याचा ध्यास होता. १८५३ मध्ये मॅकबेथ बसवताना त्याने रूढ स्कॉटिश घागरे काढून टाकले आणि अकराव्या शतकातल्या डेन, नॉर्स आणि सॅक्सन लोकांच्या पोशाखांचा आधार घेतला. नाटकाच्या पत्रकात तो पुराव्यांची लांबलचक टिपणे छापायचा. ‘द विंटर्स टेल’ तर त्याने प्राचीन ग्रीसमध्ये नेले, आणि शेक्सपिअरने बोहेमिया म्हटले तिथे बिथिनिया केले, कारण ग्रीक काळाशी बोहेमिया जुळत नव्हता. ग्रीक अवशेषांची रेखाटने करण्यात मुरलेल्या जॉर्ज शार्फ या चित्रकाराची त्याने मदत घेतली. टेरीच्या हातातली खेळण्यातली गाडीसुद्धा ब्रिटिश म्युझियममधल्या ग्रीक मातीच्या भांड्यावरून बनवलेली होती. २८ एप्रिल १८५६ रोजी पहिल्या प्रयोगाला राणी व्हिक्टोरिया आणि तिचा नवरा प्रिन्स अल्बर्ट आले, आणि त्या गाडीच्या दांड्यात पाय अडकून छोटा राजपुत्र रंगमंचावर उताणा पडला. ‘पंच’ साप्ताहिकाने तर नाटकातल्या अस्वलाचीही टर उडवली: हे अस्वल म्हणे नोहाच्या नौकेतल्या मूळ अस्वलाची पुराणवस्तूंवरून केलेली नक्कल आहे. थट्टा होत राहिली, नाटक एकशे दोन रात्री चालले. पुढच्या वर्षी चार्ल्स सोसायटी ऑफ अँटिक्वेरीज या पुराणवस्तू-अभ्यासकांच्या संस्थेचा सदस्य निवडला गेला. नटाला हा मान म्हणजे मोठीच गोष्ट.

पैसा मात्र पाण्यासारखा गेला. ‘द टेम्पेस्ट’च्या यंत्रांना रोज रात्री एकशे चाळीसहून अधिक माणसे लागत, असे नाटकाच्या पत्रकातच छापले होते. १८५९ मध्ये थिएटर सोडताना केलेल्या भाषणात चार्ल्सने सांगितले, की एका हंगामात पन्नास हजार पौंडांच्या जवळपास खर्च झाला आणि रोज रात्री सुमारे साडेपाचशे माणसांना काम मिळाले. त्या छोट्या थिएटरात दोनशे पौंडांचा गल्ला चांगला समजला जाई. हिशेब कुठे जाणार हे कोणालाही कळेल.

एवढा खर्च करून उभे केलेले जग पडदा पडला की संपणार, ही जाणीव त्याला होती. त्याने आपल्या नाटकांच्या नेपथ्याची आणि पोशाखांची जलरंगातली चित्रे करून घेतली. ती शेकड्यांनी आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. फोटो याच नोंदवहीचा पुढचा भाग. पण चित्रकार आणि कॅमेरा यांच्यात एक फरक आहे, आणि तो चार्ल्सच्या ध्यानात आला असेल असे वाटत नाही. चित्रकाराला जे दाखवायचे असते तेच तो काढतो. कॅमेरा समोर जे असेल ते सगळे घेतो.

उदाहरणार्थ, परकर. १८५० च्या दशकात इंग्लंडमधल्या बायका घागऱ्याखाली थरावर थर परकर घालत, आणि नंतर तर पोलादी कड्यांचा सांगाडा. रंगमंचावरची रोमन राणी असो की स्कॉटिश सरदारीण, हा घेर काढायला एलन तयार नसे. टेरीने ते मिश्किलपणे लिहून ठेवले आहे: कोणतीही भूमिका असो, मिसेस कीनचे केस कपाळावर चापून बसवलेले आणि कानाभोवती वळवलेले; आणि ग्रीक राणी हर्मायनीच्या झुळझुळीत वस्त्राखालीही परकरांचा ढीग. नवऱ्याने ब्रिटिश म्युझियम पालथे घातले आणि बायकोने आपल्या काळाचा घेर सोडला नाही. लारोशच्या फोटोंत दोन्ही गोष्टी दिसतात. त्याच्या अंगावर अकरावे शतक आहे. तिच्या अंगावरही आहे, पण कमरेखाली स्वच्छ १८५८.

याला एलनचा अडाणीपणा म्हणणे चुकीचे होईल. कुटुंबवत्सल, प्रतिष्ठित बाई ही तिची ओळख त्या घेराशी बांधलेली होती. अंगाला चिकटणारे ग्रीक वस्त्र नेसून राणी व्हिक्टोरियासमोर उभे राहणे म्हणजे ज्या संशयातून बाहेर पडायला वीस वर्षे घालवली, त्यात पुन्हा पाय टाकणे. थिएटरच्या दोन्ही चालकांनी आपापल्या परीने प्रतिष्ठाच शोधली; त्याने ती पुराणवस्तूंत शोधली, तिने पेहरावात. एकाच काचेवर दोन्ही उतरल्या, म्हणून हा फोटो पोशाखाच्या इतिहासकारांइतकाच संसाराच्या इतिहासकारांनाही उपयोगी आहे.

कॅमेऱ्याने या जोडीत थोडा पक्षपातही केला. चार्ल्सचा आवाज सानुनासिक होता, काही व्यंजने त्याला नीट जमत नसत, आणि समीक्षक त्याची यथेच्छ टवाळी करत. एलनची ताकद मात्र आवाजात आणि त्यातून पोहोचणाऱ्या भावनेत होती. फोटोत आवाज नाही. म्हणजे त्याचे वैगुण्य गेले आणि तिचे बळही गेले. उरली एक भारदस्त मूर्ती आणि शेजारी जाड झालेली मध्यमवयीन बाई. फोटोवरून नट जोखणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे.

हे फोटो पाहणाऱ्यांत एक तरुण गणिताचा अध्यापकही असण्यासारखा होता. ऑक्सफर्डचा चार्ल्स डॉजसन, म्हणजे पुढचा लुइस कॅरोल. त्याने १८५६ च्या जूनमध्ये ‘द विंटर्स टेल’ पाहिले आणि छोट्या राजपुत्रावर खूश झाला. त्याच वर्षी त्याने स्वतःचा कॅमेरा घेतला. नऊ वर्षांनी त्याने टेरी कुटुंबाचे फोटो काढले. नाटक आणि कॅमेरा यांचे वेड एकाच माणसाला एकाच वर्षी लागावे, यावरून त्या दशकाची हवा कळते.

तीच हवा मुंबईतही होती. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांत होते. विष्णुदास भावे यांनी आदल्याच वर्षी ग्रँट रोडच्या नाट्यगृहात मराठी खेळ केले होते. कॅमेरा होता, कोलोडियन होते, नाटकही होते. कीन यांच्यासारखा फोटो निघणे मात्र शक्य नव्हते, कारण मराठी रंगभूमीवर नायिका पुरुष होती. पुढे शि. म. परांजपे यांनी मॅकबेथचे ‘मानाजीराव’ केले. शेक्सपिअरची मराठी रूपांतरे गाजवणाऱ्या शाहूनगरवासी मंडळीत नायक गणपतराव जोशी आणि नायिका बाळाभाऊ जोग ही जोडी लोकांच्या मनात पक्की बसलेली होती. रंगमंचावरचे पती-पत्नी, प्रत्यक्षात दोन सहकारी पुरुष. नवरा-बायको एकाच नव्या नाटकाच्या उभारणीत असण्याचे एक ठळक उदाहरण १८५८ नंतर पाऊणशे वर्षांनी दिसते: १ जुलै १९३३ रोजी ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणले, तेव्हा संगीत केशवराव भोळे यांचे होते आणि भूमिका ज्योत्स्नाबाई भोळे यांची. लग्नाला जेमतेम वर्ष झाले होते. तिथेही संसारी, सुशिक्षित घरातल्या स्त्रीने नाटकात उभे राहणे ही बाब नाटकाइतकीच गाजली, हे लंडनच्या गोष्टीशी ताडून पाहण्याजोगे आहे.

लारोशने काढलेले फोटो मोठ्या आकाराचे, मोजक्या प्रतींचे होते. कीन दांपत्याने थिएटर सोडून वर्ष होते न होते तोच फोटोचा बाजार बदलला. पॅरिसच्या दिस्देरी या फोटोग्राफरने १८५४ मध्येच एका काचेवर अनेक छोटे फोटो घेण्याचे पेटंट काढले होते. भेटीच्या कार्डाएवढे हे फोटो पुठ्ठ्यावर चिकटवून विकायचे. ऑगस्ट १८६० मध्ये मेयॉल या फोटोग्राफरने राणी आणि प्रिन्स अल्बर्ट यांचे असे फोटो बाजारात आणले आणि लंडनला त्यांचे वेड लागले. गंमत अशी, की राजमुकुट वगैरे बाजूला ठेवून साध्या कपड्यांतले सुखी जोडपे म्हणूनच राणी आणि प्रिन्स अल्बर्ट त्यात उभे होते. नटांनी राजा-राणीचा वेष करून फोटो काढून घ्यावेत आणि राजघराण्याने घरगुती जोडप्याचा, अशी ही अदलाबदल. दोघांचे फोटो आता एकाच दुकानाच्या काचेत शेजारी शेजारी लागू लागले, आणि घरोघरच्या अल्बममध्येही.

कीन दांपत्याला या छोट्या फोटोंचा उपयोग दौऱ्यावर झाला. थिएटरने पैसे खाल्ले होते, म्हातारपणाची तजवीज करायची होती. १८६३ मध्ये, तो बावन्न आणि ती सत्तावन्न वर्षांची असताना, दोघे जहाजाने ऑस्ट्रेलियाला निघाले. ऑक्टोबरमध्ये मेलबर्न, मग सिडनी, मग पॅसिफिक ओलांडून सॅन फ्रान्सिस्को. न्यूयॉर्कला पोहोचेपर्यंत एप्रिल १८६५ उजाडला. त्याच महिन्यात लिंकनची हत्या झाली, तीही थिएटरात आणि एका नटाच्या हातून. शोकात नाट्यगृहे बंद झाली आणि यांचा पहिला प्रयोग लांबला. पुढे काही दिवसांनी ‘हेन्री द एट्थ’ने त्यांनी सुरुवात केली. घरी मुलीला लिहिलेल्या पत्रांत थकवा आहे, प्रकृतीच्या तक्रारी आहेत, आणि गल्ल्याचे आकडे आहेत. १८६६ मध्ये ते परतले. पुढच्या वर्षी मे महिन्यात लिव्हरपूलमध्ये चार्ल्सने शेवटचे काम केले आणि २२ जानेवारी १८६८ रोजी तो गेला. एलन पुढे बारा वर्षे जगली, पण रंगमंचावर पुन्हा उभी राहिली नाही.

तोवर तिच्या परकरांवर हसणारी पोरगी मोठी झाली होती. २९ डिसेंबर १८८८ रोजी लायसियम थिएटरात एलन टेरी लेडी मॅकबेथ म्हणून आली, मॅकबेथ झालेल्या हेन्री आयर्विंगसमोर. ही जोडी इंग्लंडच्या रंगभूमीवर वीसेक वर्षे राज्य करून गेली. ते एकमेकांचे पती-पत्नी नव्हते, आणि टेरीच्या खासगी आयुष्यात घटस्फोट आणि लग्नाबाहेरची दोन मुले असूनही थिएटर भरत राहिले. तिचा पोशाख हिरव्या धाग्यांनी विणलेला, अंगासरशी, खाली घरंगळत जाणारा होता आणि त्यावर हिरव्या चकाकत्या भुंग्यांचे खरे पंख शिवले होते. त्याला परकरांचा घेर नव्हता. विंडो अँड ग्रोव्हच्या स्टुडिओत त्या पोशाखात तिचे फोटो निघाले. बहुतेकांत ती एकटीच आहे.